जॉन मॅक्लेंडन : एका क्रीडागुरूचें चरित्र

ता. 12 मार्च 1944, रविवार. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील डरहॅम शहरीं सकाळच्या प्रहरीं बहुतेक लोक प्रार्थनामंदिरांत गेले होते. रस्त्यांवर शुकशुकाट होता. अशा वेळीं कांहीं गोरे तरुण उसन्या मोटारींत बसून आडवळणांनीं कृष्णवर्णी विद्यार्थ्यांच्या कॉलेजाच्या व्यायामशाळेपाशीं आले, कोटांत तोंडें लपवून लगबगीनें आंत शिरले, आणि त्यांच्यामागें दारांना कुलुपें लागलीं. हे कोणी दरोडेखोर नव्हते. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचे ते विद्यार्थी होते आणि बास्केटबॉलचा एक सामना खेळण्यासाठीं आले होते. गोऱ्यांनीं व काळ्यांनीं एका क्रीडांगणावर उतरूं नये असा त्या राज्याचा दंडक. म्हणून एवढी लपवाछपवी. हा सामना घडवून आणणारे मार्गदर्शक जॉन मॅक्लेंडन त्या वेळीं अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

त्यांचा जन्म कॅन्सस राज्यांतील हायवाथा या गांवीं 5 एप्रिल 1915 रोजीं झाला. बास्केटबॉलचें वेड लहानपणींच लागलें. त्या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ हे कॅन्सस विद्यापीठांतच शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते, हा मुलाच्या दृष्टीनें मोठाच योग. हिंवाळ्यांत तरुणांना घरांत बसल्या बसल्या कांहीं तरी खेळ हवा म्हणून नेस्मिथ यांनीं 1891 च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून आणि तेरा नियम लिहून हा खेळ सुरू केला होता. 1933 सालीं मॅक्लेंडन यांचे वडील मुलाला विद्यापीठाच्या दारांत सोडतांना म्हणाले कीं नेस्मिथ यांना शोधून काढ आणि त्यांनाच आपला सल्लागार कर. मुलगा सरळ त्यांच्या खोलींत गेला व तुम्ही माझे सल्लागार आहां असें त्यानें सांगून टाकलें. हें कोणीं सांगितलें, असें वृद्ध प्राध्यापकांनीं विचारलें. वडिलांनीं, हें उत्तर ऐकून त्यांनीं हंसून त्याला पत्करलें.

परंतु गुरु मिळाला तरी संघ मिळाला नाहीं. विद्यापीठाच्या संघांत कृष्णवर्णी विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. ज्यानें खेळ निर्माण केला त्याच्या पायाशीं बसून तो शिकावयाचा, आणि तेथेंच तो खेळावयाचा मात्र नाहीं, अशी ही विलक्षण स्थिति होती. तीच गोष्ट पोहण्याची. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठीं पोहणें आवश्यक असे. कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना पाण्यांत न उतरतांच उत्तम गुण देऊन मोकळें करण्याची तेथें सोय होती. ती मॅक्लेंडन यांनीं नाकारली आणि ते तलावांत उतरले. ते बाहेर पडतांच तलावांतलें सर्व पाणी सोडून देण्यांत आलें. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कृतीचा अर्थ फोड करून सांगावयास नको. नेस्मिथ त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. शेवटीं असा समेट झाला कीं दोन आठवडे तलाव सर्वांना मोकळा ठेवावा आणि कांहीं गडबड न झाल्यास तो कायमचा मोकळा व्हावा. मॅक्लेंडन यांनीं आपल्या सर्व बांधवांना हळूच सांगून ठेवलें कीं या दोन आठवड्यांत कोणीहि तिकडे फिरकूं नका. गडबड अर्थातच झाली नाहीं! पुढें सामन्यांत प्रतिपक्षाला चकविणारी जी बुद्धि त्यांनीं दाखविली तिची ही पहिली चुणूक म्हणावयास हरकत नाहीं.

1936 मध्यें पदवी आणि पुढील वर्षीं आयोवा विद्यापीठाची एम. ए. मिळवून ते डरहॅमच्या कॉलेजांत आले, आणि 1940 पासून तेथील संघाचे मुख्य मार्गदर्शक झाले. त्याच सुमारास खेळाच्या नियमांत एक मोठा पालट घडला होता. पूर्वी प्रत्येक गोल झाल्यावर चेंडू पुनः मध्यभागीं नेऊन दोन खेळाडूंमध्यें वर उडवीत; त्यामुळें खेळ पदोपदीं थबके. ही चाल 1937 च्या हंगामापासून बंद झाली. बहुतेक मार्गदर्शक तरीहि जुन्या संथ रीतीनेंच खेळवीत राहिले. नेस्मिथ यांच्यापाशीं मॅक्लेंडन यांनीं एक गोष्ट पक्की उचलली होती : खेळ हा सबंध पटांगणाचा आहे, टोपलीभोवतालच्या चार हातांचा नव्हे, चेंडू जेथें असेल तेथूनच चढाई सुरू होते आणि बचावहि तेथेंच. म्हणून चेंडू हातीं पडतांच पांचहि गड्यांनीं ठरलेल्या वाटांनीं वाऱ्यासारखें धांवावें, प्रतिपक्षाला आपली फळी उभारण्याची उसंत देऊं नये, आणि चेंडू गेलाच तर मागें न हटतां तेथल्या तेथें त्याला घेरावें, ही त्यांची पद्धति. ऐकावयास सोपी, पण शरीराला महाग. त्यासाठीं हंगामापूर्वीं ते मुलांना मैलोगणती धांवावयास लावीत. दमछाक ही आपली नव्हे, समोरच्याची झाली पाहिजे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. पुढें 1965 सालीं त्यांनीं या वेगवान खेळावर ग्रंथहि लिहिला.

त्या रविवारच्या बंद व्यायामशाळेंत ही पद्धति प्रथमच गोऱ्या संघाविरुद्ध कसास लागली. आरंभीं मॅक्लेंडन यांच्या मुलांचे हात कांपत होते. गोऱ्या माणसाला खेळांत नुसता धक्का लागला तर काय होईल, ही धास्ती त्यांच्या हाडींमाशीं खिळलेली होती, आणि ती अनाठायीं नव्हती. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत त्याच डरहॅम शहरांत बसमध्यें मागच्या बाकावर जाण्यावरून वाद झाला म्हणून एका कृष्णवर्णी सैनिकाला बसच्या चालकानें गोळी घालून ठार केलें, आणि न्यायालयानें चालकाला निर्दोष सोडलें. थोड्या वेळानें मात्र भीति ओसरली, पाय मोकळे झाले, आणि 88 विरुद्ध 44 अशा गुणांनीं सामना संपला. त्यानंतर जें घडलें तें अधिक धीटपणाचें. दोन्ही संघ एकमेकांत मिसळून, गोरे व काळे एका बाजूस असे, पुनः एकदां खेळले. आणि खेळ संपल्यावर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत गप्पा मारीत बसले. वार्ता कळलेल्या एका पत्रकारानें मौन पाळलें. ही हकीकत छापून यावयास 1996 साल उजाडलें.

1954 मध्यें मॅक्लेंडन नॅशव्हिल येथील टेनेसी ए. अँड आय. या कृष्णवर्णी विद्यार्थ्यांच्या संस्थेंत गेले. लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय सामन्यांचें निमंत्रण आलें तेव्हां त्यांनीं अट घातली कीं आपल्या मुलांना इतर संघांप्रमाणेंच कॅन्सस सिटीच्या त्याच हॉटेलांत उतरूं दिलें पाहिजे व त्याच पंक्तीला जेवूं दिलें पाहिजे. नाहीं तर संघ येणार नाहीं. अट मान्य झाली. पुढें 1957, 1958 व 1959 अशीं लागोपाठ तीन वर्षें त्यांच्या संघानें राष्ट्रीय विजेतेपद पटकाविलें. लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदें यापूर्वीं कोणाहि कॉलेजच्या मार्गदर्शकास साधलीं नव्हतीं.

पुढील कारकीर्द बरीच धांवपळीची. 1961 मध्यें क्लीव्हलंडच्या धंदेवाईक संघाचे ते मार्गदर्शक झाले, पण मालकाशीं खटका उडून कांहीं महिन्यांतच बाहेर पडले. केंटकींतील तीन वर्षांनंतर 1966 सालीं क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठानें त्यांना बोलाविलें. मुख्यतः गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठांत मुख्य मार्गदर्शक होणारे ते पहिले कृष्णवर्णी. 1969 मध्यें डेन्व्हरच्या संघानें अवघ्या अठ्ठावीस सामन्यांनंतर त्यांना निरोप दिला, आणि पटांगणाच्या कडेला बसण्याचें त्यांचें काम तेथेंच संपलें. मग एका बूट बनविणाऱ्या कंपनीच्या वतीनें ते देशोदेशीं खेळाचे वर्ग घेत हिंडले. उतारवयांत क्लीव्हलंड स्टेटमध्येंच क्रीडेचा इतिहास शिकवीत होते.

1979 सालीं स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरांत त्यांचें नांव कोरलें गेलें, तें मार्गदर्शक म्हणून नव्हे, तर खेळाला हातभार लावणारे गृहस्थ म्हणून! पांचशेंहून अधिक विजय ज्यांच्या नांवावर, त्यांना ही पदवी. 8 ऑक्टोबर 1999 रोजीं ते वारले. मार्गदर्शक म्हणून त्यांची नोंद त्याच मंदिरांत 2016 सालीं झाली. नॅशव्हिलच्या त्यांच्या तीन वर्षांच्या संघाला मान मिळावा म्हणून त्यांचे शिष्य डिक बार्नेट, जे पुढें न्यूयॉर्कच्या संघांतून नांवाजले, वर्षानुवर्षें पत्रें लिहीत व खेटे घालीत होते. 2019 सालीं त्या संघाचें नांव तेथें लागलें, तेव्हां बार्नेट ऐंशी ओलांडून गेले होते.