सनद आणि पदवी
(संस्थेच्या वार्षिक सभेत पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत मुलांनी डॉक्टर कसे व्हावे, इंजिनियर कसे व्हावे यावर भाषणे होतात. ती व्हायलाच हवीत. यंदा मात्र चिटणीससाहेबांनी मला निराळाच प्रश्न दिला. दीनी इल्म शिकणाऱ्या मुलाला डॉक्टर होता येते काय? म्हणजे औषधाचा डॉक्टर नव्हे, पीएच.डी.चा. उत्तर 'होय' असे आहे. पण हे 'होय' ऐकून घरी जाऊ नका, कारण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे.

काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावातला मुलगा माझ्याकडे आला. वडील जहाजावर खलाशी. मुलगा हाफिज, वर आलिम आणि फाजिल झालेला, वय तेवीस. अरबी अशी, की मी पुस्तक उघडले तर तो माझ्या आधी ओळ वाचून मोकळा. म्हणाला, "सर, मला हदीसवर पीएच.डी. करायची आहे." मी विचारले, "बेटा, दहावी?" तो म्हणाला, "सातवीनंतर मदरशात गेलो." मी कागदावर हिशोब मांडला. दहावीला एक वर्ष, बारावीला दोन, बी.ए.ला तीन, एम.ए.ला दोन. आठ वर्षे झाली आणि मुलगा एकतीस वर्षांचा झाला. पीएच.डी. तेथून सुरू व्हायची! त्याचे वडील शेजारी बसले होते. ते एवढेच म्हणाले, "हे आम्हांला आधी कोणी सांगितले नाही." ते वाक्य माझ्या मनात राहिले, म्हणून आज इथे उभा आहे.

सनद आणि पदवी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पालकांनी आधी समजून घ्यावे. सनद उस्ताद देतो, मदरसा देतो. तिच्यामागे गुरु-शिष्यांची शेकडो वर्षांची साखळी असते आणि तिचा मान मोठा आहे. पदवी मात्र कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठच देऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा १९५६ चा कायदा तसे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याचा निकाल दिला. त्यात तो कायदा वैध ठरला, मदरसे चालू राहिले. पण कामिल आणि फाजिल या 'पदव्या' देण्याची तरतूद रद्द झाली, कारण ती या १९५६ च्या कायद्याशी विसंगत होती. निकाल उत्तर प्रदेशच्या मंडळाविषयी असला तरी त्यातला धडा आपल्या घरापर्यंत येतो. फाजिल झालेला मुलगा आलिम असतो. विद्यापीठाच्या दप्तरी तो पदवीधर नसतो.

मग रस्ता कोठून जातो? मुलगा मदरशात असतानाच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे ज्याला लोक एन.आय.ओ.एस. म्हणतात तेथून, दहावी आणि बारावी द्यावी. दोन्ही एकाच वेळी चालते, आणि हिफ्ज केलेल्या मुलाला पाठांतराचे भय आपण घालू नये. दुसरी वाट अलीगढची. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने मदरशाच्या मुलांसाठी २०१३ साली एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू केला. तो करून बी.ए.च्या दाराशी पोचता येते. शिवाय काही मदरशांच्या सनदा काही विद्यापीठे बी.ए.च्या प्रवेशापुरत्या मानतात. मात्र आपल्या मदरशाचे नाव त्या वर्षीच्या यादीत आहे काय, हे आधी पाहा. शेजाऱ्याचा मुलगा गेला होता म्हणून आपलाही जाईल, असे समजू नका.

ही वाट कोणी चाललेच नाही असे नाही. मऊचे मुहम्मद मुस्तफा आझमी १९५२ मध्ये देवबंदहून बाहेर पडले, १९५५ मध्ये कैरोच्या अल-अझहरचे एम.ए. झाले आणि १९६६ मध्ये केंब्रिजचे पीएच.डी. त्यांचा प्रबंध हदीसच्या आरंभकाळातील लेखनावर होता. हदीस पहिली दोन शतके केवळ तोंडीच चालत आली, हे म्हणणे त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढायला घेतले, आणि ते ज्या विद्वानांविरुद्ध लिहीत होते त्यांच्याच देशांत जाऊन, त्यांच्याच पद्धतीने. मदरशाची अरबी आणि विद्यापीठाची शिस्त एकत्र आली की काय होते, त्याचा हा नमुना.

आता नियम. अलीगढला धर्मविद्येची स्वतंत्र शाखा आहे. तीत सुन्नी धर्मविद्या आणि शिया धर्मविद्या असे दोन विभाग आहेत. त्याच विद्यापीठात इस्लामिक स्टडीज हा विभाग निराळा आहे आणि तो समाजशास्त्रांच्या शाखेत मोडतो. पहिल्यात कुरआन, हदीस, फिकह, कलाम हे विषय आतून शिकवतात. दुसऱ्यात इतिहास, समाज, विचार यांचा अभ्यास असतो. दिल्लीच्या जामिया मिल्लियामध्येही इस्लामिक स्टडीज आहे. अर्ज भरण्यापूर्वी मुलाचा कल कोणीकडे आहे ते पाहावे.

सध्याचे नियम आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढले. एम.ए.ला ५५ टक्के गुण हवेत. इतर मागासवर्गीयांना (क्रीमी लेयर सोडून) ५ टक्क्यांची सूट आहे, आणि आपल्यातील कितीतरी बिरादऱ्या त्या यादीत असूनही दाखला काढत नाहीत हे दुःखाने सांगतो. प्रवेश परीक्षा द्यावी लागते. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही पीएच.डी.च्या प्रवेशाला धरतात. नेटमध्ये 'अरब संस्कृती आणि इस्लामिक स्टडीज' असा विषयच आहे. दोन पेपर, दीडशे प्रश्न, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, म्हणजे संशोधन कसे करावे याचे वर्ग. एकूण मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन.

आया-बहिणींनी पुढचे नीट ऐकावे. मुलींना यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणजे दहा वर्षांपर्यंत, आणि बाळंतपण व बाळाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. "लग्न झाले, आता कसली पीएच.डी.!" असे म्हणणाऱ्या घरांना नियमानेच उत्तर दिले आहे.

पैशाचे म्हणाल तर नेटमध्ये वरच्या क्रमांकात आलेल्यांना कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, पहिली दोन वर्षे, पुढे ४२,०००. तिला वयाची अट तीस वर्षांची, मागासवर्गीयांना आणि महिलांना पाच वर्षांची सवलत. आता खलाशाच्या मुलाचा हिशोब पुन्हा आठवा. त्याचे एम.ए. पुरे होते ना होते तोच तिशी उलटते. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद फेलोशिप होती. ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. म्हणून वय हे आता पैशाइतकेच महत्त्वाचे झाले आहे.

आता विषयाची निवड. इथे आपली मुले फार चुकतात. 'हदीसचे महत्त्व' हा पीएच.डी.चा विषय नव्हे, तो जुम्याच्या बयानाचा विषय आहे. प्रबंधाला लहानसा, खोल, कोणी न खणलेला तुकडा लागतो. हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी हम्माम इब्न मुनब्बिह यांच्या छोट्या हदीस-संग्रहाच्या दोन हस्तलिखित प्रती शोधल्या, एक दमास्कसची आणि एक बर्लिनची. संग्रहात हदीस किती? १३८. त्यांनी दोन्ही प्रती अक्षर-अक्षर ताडून पाहिल्या, नंतरच्या मोठ्या ग्रंथांशी मिळवल्या आणि छापल्या. संशोधन म्हणतात ते याला.

आणि त्यासाठी दमास्कसच गाठले पाहिजे असे नाही. माहीमच्या उरुसाला आपण सगळे जातो. पोलिसांचा संदल पाहतो, न्याज खातो, गर्दीत चप्पल हरवून परत येतो. पण मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) यांनी कुरआनवर अरबीत संपूर्ण तफसीर लिहिली, आणि ती एकोणिसाव्या शतकात कैरोच्या बुलाक छापखान्यात छापली गेली, हे किती जणांना ठाऊक आहे? तौबा सोडून प्रत्येक सूरहच्या आरंभी तीच बिस्मिल्लाह येते. माहिमी तिचा अर्थ दरवेळी त्या सूरहच्या आशयाला धरून वेगळा उलगडतात, आणि आयतींचा एकमेकींशी सांधा दाखवतात. एवढ्या एका गोष्टीवर प्रबंध होईल. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, त्यांच्यावर तर मराठी आणि फारसी दोन्ही जाणणारा मुलगाच काम करू शकेल. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात अरबी-फारसी हस्तलिखिते आहेत, बॅ. असफ फैजी यांनी दिलेली इस्माइली हस्तलिखितेही तेथेच आहेत. दादर-चर्चगेटच्या लोकलने जाता येते!

भाषेबद्दल एकच सांगतो. अरबी ही मुख्य, पण इंग्रजीवाचून आधीचे संशोधन वाचता येत नाही, आणि मराठीवाचून आपल्या मुलुखातले कागद वाचता येत नाहीत. आपली मुले घरी एक, मदरशात दुसरी, बाजारात तिसरी भाषा बोलतात. हे ओझे नाही, भांडवल आहे.

नक्कल करू नये, हेही सांगायला हवे. हदीस शिकलेल्या मुलाला इस्नाद म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. कोणी कोणाकडून ऐकले ते सांगितल्याविना तेथे तोंड उघडता येत नाही. पण तोच मुलगा प्रबंध लिहिताना उर्दू पुस्तकातली पाने नाव न देता उतरवतो! आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. त्यापुढे प्रबंध परत येतो, ४० च्या पुढे वर्षभर दाखल करता येत नाही, ६० च्या पुढे नोंदणीच रद्द.

शेवटी प्रबंध मार्गदर्शकाखेरीज निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि मग तोंडी परीक्षा होते. ती खुली असते, शिक्षक, संशोधक आणि विद्यार्थी ऐकायला बसू शकतात.

तो खलाशाचा मुलगा आज एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. शिष्यवृत्तीचे वय गेले; सकाळी मकतबात शिकवतो, रात्री वाचतो. त्याने विषय माहिमींचाच घेण्याचे ठरवले आहे. सभा संपल्यावर तो आणि मी ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांची मुले मदरशात आहेत त्यांनी मुलाचा जन्मदाखला, शेवटच्या शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला असेल तर तो घेऊन यावे. एन.आय.ओ.एस.चे अर्ज तेथेच भरून देऊ.