पाठविले म्हणजे पोहोचले नव्हे



मी बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक. संगणकाचे थोडेफार ज्ञान पुस्तकांतून व विद्यार्थ्यांच्या संगतीने मिळविले. त्या वाटेवरील माझी एक चूक आज आपणांपुढे कबूल करतो.

संगणक-कक्षातून कार्यालयातील संगणकाकडे चाचणीचे गुण पाठविणारा लहानसा प्रोग्राम आम्ही लिहिला. पाच नावांवर तो अचूक चालला. पूर्ण वर्गाची यादी पाठविली, तेव्हा ती मध्येच तुटली. खालची नावे कारकुनांनी हाताने भरली. पण तुटल्या जागी एका मुलीच्या ७२ गुणांचे ७ झाले होते, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. तिचे वडील कामावर खाडा करून शाळेत आले. मुलगी मान खाली घालून उभी. मूळ वही काढली, तेव्हा दोष तिचा नव्हे, माझा ठरला.

असे का झाले? दोन संगणकांतील प्रोग्राम ज्या दारातून परस्परांशी बोलतात, त्याला सॉकेट म्हणतात. ही पद्धत बर्कले विद्यापीठात घडली व १९८३ साली युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीतून प्रसृत झाली. जोडणी टिकली, तर टीसीपीच्या नियमांनुसार मजकूर क्रमवार पोहोचतो. परंतु तो टपालाच्या पाकिटासारखा नव्हे, नळाच्या पाण्यासारखा येतो. ‘सलाम’ हा शब्द यूटीएफ-८ संकेतात १२ बाइटांचा. त्यातील ७ आधी व ५ मागाहून येऊ शकतात. आमचा प्रोग्राम एकदाच, फार तर १०२४ बाइट वाचून थांबला. ७२ मधला २ मागे राहिला.

उपाय सोपा आहे. आधी ठराविक ४ बाइटांत मजकुराची लांबी पाठवावी. घेणाऱ्याने तेवढे बाइट हाती येईपर्यंत पुनःपुन्हा वाचावे. पाठविणाऱ्यानेही किती बाइट स्वीकारले गेले ते पाहून उरलेले पुन्हा द्यावे. वाचताना शून्य बाइट आले, तर समोरच्याने पाठविणे संपविले असे समजावे. मजकूर अपुरा असेल तर तो नाकारावा, अंदाजाने भरू नये.

विद्यार्थी मित्रहो, पाच नावांवर चाललेले पन्नास नावांवर चालेलच असे धरून चालू नका. आणि पालकहो, गुणांविषयी शंका आली, तर मुलांना बोल लावण्याआधी शाळेत या, मूळ वही पाहा. त्या वडिलांनी तेच केले, म्हणून एका मुलीचे कष्ट वाया गेले नाहीत.