शुक्र म्हणजे लाचारी नव्हे
(महाड-पोलादपूर परिसरातील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम घ्या, आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी असतं. तोवर अर्धी माणसं चपला शोधायला लागलेली असतात. म्हणून आज आयोजकांनी आभाराचाच विषय दिला, हे मला आवडलं. घरात आणि मशिदीत शुक्र कसा करायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ‘अल्हम्दुलिल्लाह’ आपल्या तोंडी दिवसातून कितीदा येतं! पण नगरपालिकेत, मतदान करताना, मोर्चात, शेजारच्या वस्तीशी वागताना या शुक्राचं काय काम? माझं म्हणणं असं आहे की खरं काम तिथेच आहे.

इमाम गज़ालींनी ‘इह्या’मध्ये शुक्राची तीन अंगं सांगितली आहेत: इल्म, हाल आणि अमल. म्हणजे आपल्याला काय मिळालं आणि कोणाच्या हातून मिळालं हे जाणणं, त्यातून मनाची तयार होणारी अवस्था, आणि मग कृती. मी इंजिनियर माणूस, मला अशी पायऱ्यांची मांडणी पटकन समजते. त्याच क्रमाने जाऊ.

पहिली पायरी, जाणणं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडची कुठली ओळ कोणी लिहिली हे शोधायची एक आज्ञा असते. तिचं नाव काय ठेवलंय? ‘ब्लेम’. म्हणजे दोष देणं. तीच आज्ञा एका जुन्या प्रणालीत ‘प्रेझ’ या नावानेही चालायची, म्हणजे कौतुक. काम तेच, ओळ तीच, माणूसही तोच. पण सगळ्यांच्या तोंडी बसलं ते ‘ब्लेम’. आपल्या सार्वजनिक आठवणींचंही असंच आहे. कोणी त्रास दिला याची यादी पाठ असते. कोणी हात दिला याची यादी कुठे लिहूनच ठेवलेली नसते.

त्रासाची यादी खोटी आहे, असं मी म्हणत नाही. नोकरीच्या शहरात मलाही नाव ऐकून तीन घरमालकांनी घर नाकारलं. चौथं घर मिळालं, कारण एका बौद्ध सहकाऱ्याच्या आई स्वतः मालकाकडे जाऊन माझ्यासाठी बोलल्या. तिन्ही नकार खरे आहेत आणि चौथं घरही खरं आहे. हिशेब लिहायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. एकच बाजू लिहिली तर त्याला हिशेब म्हणत नाहीत.

आता महाडचा हिशेब पाहू. चवदार तळ्यावरून आपण रोज जातो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचं मान्य केलं. त्याला धरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. तेव्हा नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, आपले सुरबानाना. ठराव कागदावर राहिला, तळ्यावर कोणाला जाता येईना. मग लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी परिषद भरवायचं ठरवलं, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, जेवणाची भांडी उलथवली गेली, माणसं जखमी झाली. तेव्हा कित्येकांना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमानांच्या घरांत. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. तो महिना हिजरी १३४५ चा रमजान होता. तळ्यावर पाणी पिण्यासाठी माणसं मार खात होती आणि ज्या घरांनी त्यांना आत घेतलं, तिथे रोजे चालू होते.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. दरम्यान नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता. परिषदेला जागा द्यायला कोणी तयार होईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं, ते त्या परिषदेत. दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते ब्राह्मण होते. पुढे कोर्टकचेरी दहा वर्षं चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला, तो अस्पृश्यांच्या बाजूने.

ही गोष्ट सांगितली की आपल्या पोरांची छाती फुगते. इथे दुसरी पायरी येते, हाल. मनाची अवस्था. छाती फुगण्याआधी त्याच इतिहासातली आणखी एक गोष्ट ऐका. त्या तळ्यावर मुसलमानांना बंदी नव्हती. आपले पूर्वज तिथलं पाणी वर्षानुवर्षं भरत होते, आणि त्याच वाटेवरून जाणाऱ्या दुसऱ्या माणसाला ते मिळत नव्हतं. काही घरांनी दार उघडलं, एका माणसाने जमीन दिली. त्या घरांचं आणि त्या माणसाचं पुण्य आपण सगळ्या जमातीच्या नावावर जमा करून घेऊ शकत नाही. आणि जातीचा चटका आपल्यातही आहे. मेहतर, हलालखोर म्हणून ज्यांना आपण लांब बसवलं, तेही कलमा पढणारेच होते.

शिवाय देणाऱ्याने परतफेड मागायची नसते. सूरह दहरमध्ये गरिबाला, अनाथाला, कैद्याला जेवू घालणाऱ्यांचं वर्णन आहे. ते तुमच्याकडून मोबदला तर नकोच, आभारही नकोत, या भावनेने खाऊ घालतात. दुसरीकडे हदीसमध्ये आशय असा आहे की जो माणसांचे आभार मानत नाही, त्याने अल्लाहचेही मानले नाहीत. दोन्ही एकत्र ठेवून पाहा. देणाऱ्याने आभार मागू नयेत आणि घेणाऱ्याने ते विसरू नयेत. आपण मात्र सोयीने उलटं करतो. दिलेलं आठवतं, घेतलेलं विसरतो. ‘आम्ही जागा दिली होती, आता तुम्ही आमच्यासोबत उभे राहा’ असं जो दलित वस्तीत जाऊन म्हणतो, तो फत्तेखानांच्या नावाची पावती फाडतो आहे.

मग आपण काय घेतलं, ते आठवू. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुसरं पोटकलम आहे, ते घरी जाऊन वाचा. दुकानं, उपाहारगृहं आणि सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. घटनेत तळ्यांचा उल्लेख आहे, हे वाचताना महाडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि त्या यादीत जातीबरोबर धर्म हाही शब्द आहे. उद्या तुमच्या नावावरून कुणी तुम्हाला हॉटेलात बसू दिलं नाही, तर जे कलम तुम्ही पुढे कराल, त्याच्या मागे या गावात डोकी फुटलेली माणसं आहेत. हा एहसान आपण मानतो का?

आता अवघड भाग. राजकारणात ‘कृतज्ञ राहा’ हे वाक्य बहुतेक वेळा वरून खाली येतं. रस्त्याला डांबर पडलं की चौकात आभाराचा फलक लागतो. रेशन मिळालं, खात्यात योजनेचा हप्ता आला, की सांगतात, खाल्ल्या मिठाला जागा. पण मीठ कोणाचं? काडेपेटीपासून मोबाइल रिचार्जपर्यंत तुम्ही कर भरता. तो रस्ता तुमच्याच पैशाचा आहे. आमदाराने, अधिकाऱ्याने काम नेटाने केलं तर ‘चांगलं केलंत’ जरूर म्हणावं, तोंडावर म्हणावं. पण हक्काला उपकार म्हणू नये. आपल्या समाजाला तर आणखी एक टोमणा मिळतो: या देशात राहू दिलं याबद्दल आभारी राहा. राहू कोणी दिलं? कोकणी मुसलमान या खाडीच्या आणि सावित्रीच्या काठावर शतकानुशतकं आहेत. आपण या मातीचे आभारी आहोत, इथल्या शेजाऱ्यांचे आहोत. मालकीचा दावा करणाऱ्या कोणाचे नाही.

कृतज्ञता आणि लाचारी यांच्यातली रेषा कुठे आहे, हे बाबासाहेबांनीच दाखवलं. २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं संविधान सभेतलं शेवटचं मोठं भाषण काढून वाचा. ‘घटनेचे शिल्पकार’ म्हणून सगळे त्यांच्याकडे पाहत असताना ते श्रेय वाटत सुटले. सल्लागार बी. एन. राव यांना, मसुदा समितीच्या सदस्यांना, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना. एवढंच नाही, तर कामथ, के. टी. शाह, कुंझरू यांच्यासारख्या सतत हरकती घेणाऱ्या सदस्यांचेही आभार मानले, कारण त्यांच्यामुळे तत्त्वं स्पष्ट करून सांगता आली. आणि त्याच भाषणात त्यांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला देऊन बजावलं की थोर माणसांबद्दल कृतज्ञता जरूर असावी, पण स्वाभिमान किंवा देशाचं स्वातंत्र्य गहाण टाकून नव्हे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही तिथेच आहे. आभार मानणं आणि मान ताठ ठेवणं एकाच भाषणात बसतं.

आपल्या सीरतमध्येही याचा नमुना आहे. ताइफहून दगड खाऊन परतताना रसूलुल्लाह (स.) मक्केत शिरले, ते मुतइम बिन अदी यांच्या संरक्षणात. मुतइम यांनी इस्लाम कधी स्वीकारला नाही. पुढे बद्रची लढाई झाली, सुमारे ७० कैदी हाती आले, तोवर मुतइम वारले होते. तेव्हा आपल्या नबींनी (स.) सांगितलं की आज मुतइम असते आणि त्यांनी या कैद्यांसाठी शब्द टाकला असता, तर मी त्यांना सोडून दिलं असतं. वेगळ्या धर्माचा माणूस, तोही हयात नसलेला, ज्याच्याकडून आता काही मिळायचं नाही. त्याचा एहसान भर सभेत, विजयाच्या दिवशी सांगितला. सार्वजनिक शुक्र याला म्हणतात. आणि त्यासाठी आपली भूमिका कुठे बदलली नाही.

तिसरी पायरी, अमल. २२ जुलै २०२१ विसरणारा माणूस या सभेत नसेल. महाड पाण्याखाली, तळिये गाव डोंगराखाली, आमच्या पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीत दरडी. त्या दिवसांत मदत घेऊन आलेल्यांत जमाती होत्या, मंडळं होती, ट्रेकर होते. त्यांचे सत्कार झाले, फोटो आले, बरं झालं. पण पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल उपसला कोणी? बाहेरच्या महापालिकांमधून पाठवलेल्या आणि इथल्या सफाई कामगारांनी. मेलेली जनावरं, सडलेलं धान्य, दुकानांतला गाळ. ते बहुतेक कोणत्या वस्त्यांमधून येतात, हे सांगायला नको. त्यांच्यासाठी टाळ्या पुरेशा नाहीत. हातमोजे आणि गमबूट मिळतात का, कंत्राटी कामगाराचा पगार वेळेवर होतो का, त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे आपल्या नगरसेवकाला विचारणं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणं, हा त्यांचा शुक्र. कृतज्ञतेतून प्रश्न विचारता येतो, आणि तो प्रश्न रागातून विचारलेल्या प्रश्नापेक्षा जास्त दिवस टिकतो.

जाता जाता चार कामं सांगतो.

एक. प्रत्येकाने आपल्या घरातल्या बुजुर्गांना विचारून लिहून काढावं: पुरात, दंगलीच्या अफवेत, आजारपणात जमातीबाहेरच्या कोणी आपल्याला हात दिला. त्या माणसाच्या घरी जावं. तो नसेल तर मुलांकडे जावं. फोटो काढू नये.

दोन. ज्या अधिकाऱ्याने किंवा लोकप्रतिनिधीने काम केलं, त्याला पत्र लिहावं, आणि त्याच पत्राच्या खाली राहिलेलं काम लिहावं.

तीन. मतदानाच्या वेळी ‘त्यांनी आपल्यासाठी केलं’ एवढं पुरेसं धरू नये. सगळ्यांसाठी काय केलं, ते विचारावं.

चार. मार्च २०२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. दर २० मार्चला राज्यभरातून माणसं इथे येतात, उन्हातून चालत येतात. त्यांच्यासाठी पाणी, सावली, संडास, आजारी माणसाला टेकायला जागा, हे आपल्या मोहल्ल्यांनी करावं. फलक लावू नये, जमातीचं नाव नको, फत्तेखानांचंही नको. आलेल्यांपैकी कोणी विचारलंच तर सांगावं, तुमच्यामुळे आम्हालाही हक्क मिळाले, त्याची ही छोटीशी परतफेड.

या चौथ्या कामाची नावनोंदणी बाहेर दाराशी चालू आहे. पोलादपूरकडच्यांनी आपली वेगळी यादी करा, म्हणजे गाड्यांची सोय लावता येईल.