सध्या काय वाचताय?

कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. लोकलनं दोनेक तास. बसायला जर जागा मिळाली (हा ‘जर’ मोठाच!) तर पन्नास पानं सहज होतात, पण त्यांचा शेजारच्याला पत्ता नसतो. हातातल्या पुस्तकाविषयी बोलणं हा वाचनाचाच भाग आहे, असं माझं म्हणणं. रायगड जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडले. ती हकिकत त्यांनी इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिली; १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापून आलं. कुणी ऐकायला उत्सुक होतं, म्हणून हे पुस्तक झालं. आज खोपोलीत कुणी म्हणालं, ‘झाशी पडली, तिथवर आलोय,’ तर ऐकणाऱ्याला पुढचं कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

यावर कुणी म्हणेल, अर्धवट वाचून बोलणं म्हणजे मिरवणं. मिरवणारे असतात, नाही कसं! पण ते पुस्तकांची नावं मोजतात. रमलेला वाचक एखादा प्रसंग सांगतो. परीक्षणात निकाल लागलेला असतो, अर्ध्यावरचा वाचक मात्र शंकाही बोलून दाखवतो आणि तिथंच गप्पांना जागा मिळते. वाचणारेच उरले नाहीत, ही तक्रारही जुनीच. १९७५ मध्ये सुरू झालेली ‘ग्रंथाली’ वाचक चळवळ म्हणून उभी राहिली आणि ग्रंथयात्रा काढून पुस्तकं गावोगाव घेऊन गेली. आपल्याला तेवढंही करायचं नाही. नेरळला गाडीत चढणाऱ्या ओळखीच्या माणसाला उद्या एवढंच विचारा: सध्या काय वाचताय?