महाविद्यालयातील संगणक : बदलणे आणि सांभाळणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्याच हाताखाली मी या शाळेत मराठी शिकले. वर्गातला जुना नकाशा काढून टाकायचा झाला, तर गुरुजी डेडस्टॉक रजिस्टरमधील त्याची नोंद स्वतः तपासत. नकाशावर कोणी पेन्सिलीने काही टिपून ठेवले असेल, तर ते आधी वहीत उतरवून घेत. त्या सवयीचे मोल मला फार उशिरा, स्वतःच्या चुकीतून कळले. म्हणूनच, जन्मभर मराठी शिकविलेली मी आज महाविद्यालयातील संगणकांविषयी बोलणार आहे.

१९९७ साली आमच्या मराठी विभागाला पहिला संगणक मिळाला. पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी इंदूरच्या मराठी घरांतून, वृद्ध स्त्रियांकडून शब्द गोळा करीत. त्यांत स्वयंपाकाचे, सणावारांचे, नात्यागोत्यांचे शब्द असत. ‘तो येऊन राहिला आहे’ अशी हिंदीच्या वळणाची वाक्येही असत. दहा वर्षांत सुमारे तीन हजार नोंदी संगणकात गेल्या. २००८ साली महाविद्यालयाला एकरकमी अनुदान मिळाले. चाळीस नवे संगणक आले, जुने भंगारात काढण्याचे ठरले. निर्लेखनाच्या कागदावर विभागप्रमुख म्हणून सही माझी होती. ‘सगळे सीडीवर घेतले आहे,’ एवढ्या शब्दावर मी निश्चिंत राहिले.

पुढे सीडी उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती गर्दी दिसली. त्या काळचे बहुतेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवीत, आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी असे. फाँट गेला की मजकूर असूनही वाचता येत नसे. युनिकोडने १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतंत्र जागा दिली होती. परंतु आमच्या टेबलापर्यंत ती पोहोचली नव्हती. आमच्या फाँटचे नावदेखील कोणी लिहून ठेवले नव्हते.

प्रयोगशाळेत एक कंत्राटी सहायक होता. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात त्या नोंदींची काही छापील पाने होती. ती समोर ठेवून, कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता त्याने तयार केला. जुन्या मजकुरात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली होती, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून प्रत्येक वेलांटी हलवावी लागली. तीन महिने, कामाचे तास संपल्यावर, तो हे करीत होता. दोन हजार नोंदी परत मिळाल्या. उरलेल्या हजारभर सीडीवर कधी आल्याच नव्हत्या. ज्या आजींनी ते शब्द सांगितले, त्यांपैकी आज कोणीही हयात नाही.

पुढच्या वर्षी त्या सहायकाचे कंत्राट वाढविले गेले नाही. यंत्रे नवी आहेत, मग माणूस कशाला, असा हिशेब झाला. त्या बैठकीत मी होते, आणि मी पुरेसे बोलले नाही. दोन वर्षांत किरकोळ बिघाडांनी दहा-बारा यंत्रे बंद पडली. पाच वर्षांनी चाळीसही एकदमच जुनी झाली आणि आम्ही पुन्हा अनुदानाची वाट पाहू लागलो.

यातून मी जे शिकले ते साधे आहे. चाळीस यंत्रे असतील, तर दरवर्षी आठ बदलावीत. म्हणजे कोणतेही यंत्र पाच वर्षांपेक्षा जुने राहत नाही आणि खर्चही दरवर्षी सारखा येतो. खरेदीच्या अंदाजपत्रकातच देखभाल करणाऱ्या माणसाचे वेतन धरावे. आणि यंत्र बंद पडण्याआधीही कालबाह्य होते, हे ध्यानात ठेवावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ धडधाकट यंत्रे केवळ ठरावीक सुरक्षा-चिप वा प्रोसेसर नसल्यामुळे विंडोज ११ साठी अपात्र ठरली. अशा यंत्राला थोडी स्मृती वाढवून, नवी डिस्क बसवून, लिनक्सवर आणखी काही वर्षे ग्रंथालयात चालविता येते. ज्याला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, ते मात्र परीक्षेच्या गुणांच्या जाळ्यात जोडू नये. टाकून देण्याची वेळ आलीच, तर डिस्क पुसून ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे, वजनाने भंगारवाल्याला नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम अमलात आहेत.

परंतु या सर्वांच्या आधी एक काम आहे. आपल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राचा क्रमांक, किंमत आणि खरेदीचे वर्ष लिहिले जाते. त्यात आणखी दोन रकाने आखावेत : ‘आत काय आहे’ आणि ‘ते आता कोठे ठेवले आहे’. हे दोन रकाने भरून, प्रत उघडून, मजकूर वाचून पाहिल्यावाचून कोणीही निर्लेखनावर सही करू नये. त्या दिवशी मला हे दोन प्रश्न कोणी विचारले असते, तर हजार शब्द वाचले असते. विचारणारे कोणी नव्हते, असे मी म्हणणार नाही. ते विचारणे माझेच काम होते.

या शाळेच्या संगणक कक्षात आज मुले मराठीत निबंध लिहीत असतील, आजी-आजोबांच्या आठवणी टिपत असतील. गुरुजींनी नकाशावरच्या पेन्सिलीच्या खुणा जशा उतरवून घेतल्या, तसे ते जपावे, एवढीच विनंती करते आणि माझे भाषण संपविते.