मातापित्यांच्या पाठीशी उभे राहा
(ज्ञातिसंमेलन, वरूड येथील भाषण)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांची सूची निघते. परंतु ज्या घरचे तीन वर्षांचे मूल हाकेस वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, त्या घरची मंडळी येथे क्वचितच दिसतात. थोरल्या बहिणीच्या सोयरिकीस बाध येईल या भयाने ते मूल पाहुण्यांच्या दृष्टीआड ठेवतात, आणि सारा दोष मातेच्या पदरी येतो.

हा दोष सर्वथा निराधार आहे. लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे काही काळ मातेच्या रुक्ष वागणुकीस कारण मानीत. अशाच एका मुलाचे पिता बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 साली ते मत खोडून काढले. आज ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता मानली जाते.

मग आईबापांनी काय करावे? गोव्यातील संगाथ संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे 65 बालकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी मातापित्यांना सहा महिन्यांत बारा बैठकींत मार्गदर्शन केले. मायलेकरांच्या खेळाचे चित्रीकरण करून ते मातेसह पाहावयाचे, तिचे कोठे साधले ते तिलाच दाखवावयाचे, अशी रीत होती. मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. म्हणजे ही जादू नव्हे, सायासाचे काम आहे.

आपल्या बागाईतदारांस हे सांगावयास नको. संत्र्याच्या झाडास ताण केव्हा द्यावा, पाणी केव्हा सोडावे, हे झाडाकडे पाहूनच ठरते. मूल जेथे पाहते तेथे आपणही पाहावे, प्रश्नांचा भडिमार न करता थांबावे, त्याच्या कृतीस सोपा शब्द द्यावा.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. शंका येताच तेथे दाखवावे, लपवू नये.

मंडळास आमची विनंती एवढीच: शिक्षणनिधीतून दोन भगिनींस असे प्रशिक्षण द्यावे, महिन्यातून एकदा या कुटुंबांची बैठक भरवावी, आणि सोयरीक जुळविताना धाकट्या भावंडाची स्वमग्नता कोणी आड आणू नये, असा ठराव आजच करावा. तो मांडण्यास आम्ही सिद्ध आहोत. अनुमोदनास कोणी उभे राहावे.