मुठीचा हिशेब

(आष्टा येथे कर्मवीर जयंतीच्या दिवशी दुकानदार, कारागीर व तरुण मंडळांच्या सभेत केलेले भाषण)



आज २२ सप्टेंबर. १८८७ साली याच तारखेस कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म कुंभोज येथे झाला. त्यांच्या घराण्याचे गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आपल्याच वाळवे तालुक्यातले. परवा २४ तारीख येईल. १८७३ साली त्या दिवशी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. अशा आठवड्यात तसबिरीस हार घालावा, जयजयकार करावा आणि घरी जाऊन भाकरी खावी, एवढ्यावर भागविणे आम्हास बरे वाटेना. म्हणून आज आम्ही तसबिरीविषयी न बोलता मडक्याविषयी बोलणार आहोत.

मडके कोणते? आपल्या आज्या-पणज्यांच्या चुलीपाशी असे ते. दळण करताना मूठभर ज्वारी बाजूला काढायची आणि त्या मडक्यात टाकायची. ही मूठ भिकाऱ्याची नव्हे, देवाची नव्हे, भटाची तर नव्हेच नव्हे. ती बोर्डिंगातल्या पोरांची मूठ. यालाच मुष्टिफंड म्हणत.

भाऊरावांची हकीकत आपण ऐकलेली आहे, पण तिच्यातली एक गोष्ट नीट ध्यानी घेण्याजोगी आहे. तरुणपणी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले, ओगल्यांचे कंदील विकले. नांगर विकणारा माणूस गावोगाव फिरतो, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याच्या घरात काय आहे आणि काय नाही ते डोळ्यांनी पाहतो. भाऊरावांनी पाहिले की रयतेच्या घरी पैसा नाही. पण पीक आले म्हणजे धान्य असते, हातात कष्ट असतात आणि मनात लाज असते. पैसा मागितला तर रयत मान खाली घालील, धान्य मागितले तर मान वर करून देईल. धंद्यात मिळालेले हे ज्ञान त्यांनी पुढे शाळेच्या कामी लावले.

येथून जवळच वारणाकाठी दूधगाव आहे. रयत शिक्षण संस्थेच्याही आधी तेथे भाऊरावांनी व त्यांच्या सोबत्यांनी विद्यार्थी आश्रम काढला. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी संस्था स्थापन झाली व १९२४ साली ती साताऱ्यास गेली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, त्यांच्यामागे गादी होती. भाऊरावांपाशी गादी नव्हती. साताऱ्याच्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंगतीस बसत, आणि त्या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ती माउली १९३० साली गेली. आज रयतेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. पण हा वड मुठीमुठीने वाढला, हे विसरता कामा नये.

आता थोडे गणित करू. मास्तरास गणिताशिवाय करमत नाही, त्यास इलाज नाही. समजा एका मुठीत पन्नास ग्रॅम ज्वारी बसते. रोज एक मूठ, तर महिन्यास दीड किलो. शंभर घरांचे दीडशे किलो. वाढत्या वयाच्या पोरास रोज अर्धा किलो धान्य धरले, तर महिन्यास पंधरा किलो लागते. म्हणजे शंभर घरांच्या मुठीवर दहा पोरे जेवतात. शंभरांपैकी एकाही घराची भाकर त्यामुळे कमी होत नाही, आणि दहा घरांचा दिवा लागतो.

कोणी म्हणेल, मास्तर, एखाद्या शेटजींनी एकदम दीडशे किलो दिले तर काय बिघडले? बिघडले काही नाही. त्यांचे आभार मानावे. आमचा दुकानदारांवर राग नाही. सत्यशोधक समाजास छापखाना मिळाला तो मुंबईच्या तेलुगू कंत्राटदार मंडळींच्या देणगीतूनच. धंदेवाल्याने साथ दिल्याशिवाय चळवळ चालत नाही. पण एकाच घरातून आलेले दीडशे किलो आणि शंभर घरांतून आलेले दीडशे किलो यांत फरक आहे. पहिल्याने संस्थेस मालक मिळतो, दुसऱ्याने संस्थेस गाव मिळते. शेटजींचा धंदा बसला, मर्जी फिरली किंवा ते निवडणुकीस उभे राहिले, की पहिल्या संस्थेचे पाय लटपटतात. शंभर घरांची मर्जी एकदम फिरत नाही.

शिवाय देणारा मोठा झाला की घेणारा लहान होतो. याचा एक दाखला सांगतो. सांगताना आम्हास शरम वाटते, पण सत्यशोधकाच्या सभेत शरम झाकून चालायचे नाही. आम्ही ज्या खेड्यात शिकवतो तेथल्या एका कुंभाराची मुलगी दहावीस चांगल्या गुणांनी पास झाली. पुढे शिकण्यास तालुक्याच्या गावी जावयाचे, म्हणून फी, वह्या-पुस्तके एवढा खर्च होता. बापाने कोणापाशी तोंड उघडले नाही. मोठ्याच्या दारात उभे राहावे, त्याने खाली-वर पाहावे, मग पाकीट देताना फोटो काढावा, हे त्या माणसास सोसवले नसते. पोरगी घरी बसली. आम्हास हे तीन महिन्यांनी कळले. त्याच तीन महिन्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे इतके फ्लेक्स चौकात लागले की शाळेची पाटी दिसेना. त्यांतल्या एका फ्लेक्सच्या खर्चात पोरीची वह्या-पुस्तके निघाली असती. दोष त्या बापाचा नव्हे. ज्या मडक्यात त्याचीही मूठ असती, त्या मडक्यातून घेण्यास त्याला लाज वाटली नसती. आपण ते मडके फोडून बसलो, दोष आपला.

आता स्वयंसेवकांविषयी. आपले आष्टे कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातले. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही नद्यांनी काय केले ते आपण जाणता. त्या दिवसांत आपल्या मुलखाची माणुसकी आम्ही डोळ्यांनी पाहिली. बायांनी रात्ररात्र भाकऱ्या थापल्या, दुकानदारांनी वही न काढता माल दिला, पोरांनी छातीभर पाण्यातून म्हातारी माणसे खांद्यावर आणली. पण दुसरेही पाहिले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळास जीव वाचविण्यासाठी निघालेली नाव ८ ऑगस्ट रोजी उलटली आणि बायका-पोरांसह कित्येकांचा अंत झाला. धैर्य उणे नव्हते, तयारी उणी होती. पूर ओसरल्यावर कोठे जुन्या कपड्यांचे ढीग कुजत पडले, तर कोठे प्यावयास स्वच्छ पाणी मिळेना. पुढे २०२१ साली पुन्हा पूर आला. यावरून आम्ही एवढेच शिकलो, की दया ऐन वेळी येते आणि व्यवस्था आधी लागते. नाव, दोर, अंगावरची तरंगती जाकिटे आणि कोणाच्या घरी अंथरुणावरचा म्हातारा आहे त्याची यादी, हे सर्व मृगाच्या आत तयार पाहिजे. तेही मुठीचेच काम आहे.

त्याच पुरात आमच्या हातूनही एक चूक घडली. आम्ही मास्तर मंडळींनी वर्गणी जमविली, तांदूळ घेतला, ताडपत्र्या घेतल्या, पोरांस वह्या दिल्या. पैसा खाल्ला नाही, पण हिशेबही मांडला नाही. चार महिन्यांनी एका म्हाताऱ्या लोहारकाकांनी विचारले, "मास्तर, माज्या शंभर रुपयांचं काय झालं वो?" आम्ही रागावलो. म्हणालो, "काका, आमच्यावर संशय?" ते म्हणाले, "संशय न्हाई. माजं पैसं कुणाच्या उपेगी पडलं ते कळलं, तर आनिक द्यावंसं वाटंल." आम्ही घरी आलो, दोन रात्री पावत्या चाळल्या. तीनशे चाळीस रुपयांचा मेळ बसेना. ते पदरचे घातले आणि शाळेच्या पटांगणात सारा हिशेब वाचून दाखविला. त्या दिवशी कोणी न मागता वर्गणी दिली. कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे ते आपल्या आजोबांस वाचता येत नसे, म्हणून ते नाडले गेले. आपणही वही झाकून ठेवू लागलो, तर आपण नवे कुलकर्णी झालो असे समजावे.

येथे एक शंका येईल की हे काम सरकारचे नव्हे काय? होय, सरकारचेच आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास फुकट शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो रोखठोक मागून घ्यावा, शाळेस मास्तर कमी पडला तर जाब विचारावा. मूठ ही सरकारास दिलेली माफी नव्हे. पण चौदा वर्षांनंतरचे पोर आणि पुराचे पहिले दोन दिवस, या जागी सरकारचा हात पोचेपर्यंत शेजाऱ्याचाच हात असतो.

म्हणून आमची आष्टेकरांस विनंती अशी. पहिली, दर घराने रोज एक रुपया काढावा. पाचशे घरे धरली तर महिन्यास पंधरा हजार होतात. दुसरी, ज्यास रुपया जड त्याने हात द्यावा. सुताराने शाळेचे बाक सांधावे, गवंड्याने भिंत लिंपावी, शिंप्याने गणवेश शिवावा, शिकलेल्या पोराने संध्याकाळी तासभर शिकवावे. आणि तो तास वहीत रुपयाच्याच रांगेत लिहावा. तिसरी, दुकानदाराने गल्ल्यापाशी डबा ठेवावा, पण वर स्वतःचे नाव घालू नये. चौथी, दर महिन्यास बाजाराच्या दिवशी हिशेब मोठ्याने वाचावा, आणि वही पाहू मागणाऱ्यास ती हातात द्यावी. वही धरणाऱ्यांत निम्म्या बाया असाव्यात, कारण मडके त्यांनीच राखले होते.

चौंडेश्वरीच्या भावईत आपल्या गावी ज्याचा त्याचा मान ठरलेला आहे, कोणाचा मान चुकत नाही. तो मान जातीवर ठरतो. या कामात मान जातीवर नको, मुठीवर असावा. आणि मूठ सर्वांची सारखीच असते.

त्या कुंभाराच्या पोरीचे वय अजून गेलेले नाही. पुढल्या जूनमध्ये ती एस. टी. त बसते की नाही, यावरून आजची जयंती झाली की नाही ते ठरेल. आमच्या घरचा पहिला रुपया आम्ही आणला आहे. वही येथे उघडी ठेवतो.